इंजिनिअर आहेत, पण नोंदणी आहे का?

आज मी स्वयंपाकाबद्दल बोलणार नाही आणि तब्येतीबद्दलही नाही. म्हणजे तब्येतीबद्दलच, पण आपल्या नाही, आपल्या घराच्या. ज्या इमारतीत आपण राहतो तिची नाडी कुणी बघायची, कुणाला बघू द्यायची, याबद्दल. मी इंजिनिअर नाही. शाळेत मराठी आणि समाजशास्त्र शिकवत होते, निवृत्त झाले आणि आमच्या सोसायटीची सेक्रेटरी झाले. सेक्रेटरीपद कसं मिळतं ते तुम्हाला माहीत आहेच. सभेत ज्या बाईला पटकन नाही म्हणता येत नाही, तिला ते मिळतं!

आमची सोसायटी सांगलीत आहे. सोळा घरं, चार मजले, खाली पार्किंग. १९९२ साली लोक राहायला आले. सांगली म्हटलं की पुढचं सांगायला नको. २००५चा पूर आमच्या पार्किंगनं पाहिला. २०१९च्या ऑगस्टमधला तर सगळ्यांनाच आठवत असेल, आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. आमच्या खालच्या खांबांना तेव्हा बरेच दिवस पाण्यात उभं राहावं लागलं. पाणी ओसरल्यावर गाळ काढला, फिनेल टाकलं, मोटर दुरुस्त केली. खांबांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. खांब काय, उभेच होते.

दिवाळीनंतर सभेत कुणीतरी म्हणालं, एकदा इमारत तपासून घेऊ, स्ट्रक्चरल ऑडिट करू. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्येही ते आहे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा, आणि तीस वर्षांच्या वरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा ऑडिट करायचं. आमची इमारत सत्तावीस वर्षांची झाली होती आणि ऑडिट एकदाही झालं नव्हतं. दोन जणांकडून दर मागवले. एकाचे पंचावन्न हजार, तपासण्यांसकट. दुसरा आमच्याच कमिटीतल्या एका काकांचा भाचा, बी. ई. सिव्हिल, रस्त्यांच्या कंत्राटदाराकडे नोकरीला. तो आठ हजारांत करून देतो म्हणाला.

सभेत आठ हजारांची बाजू कुणी मांडली? मी. हे आज कबूल करायलाच मी इथे बसले आहे. मी म्हटलं, अहो, तोही इंजिनिअरच आहे ना? घरचा मुलगा आहे, फसवणार थोडाच? दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी पेन्शनवर राहतात. त्यांच्यासारख्यांना खर्च झेपला पाहिजे, असंही मी म्हटलं. ते खोटं नव्हतंच. त्यामुळे तर सगळ्यांना पटलं.

तो मुलगा खरंच सज्जन होता. रविवारी सकाळी आला, सगळीकडे फिरला, मोबाईलवर फोटो काढले, चहा घेतला. पंधरा दिवसांनी सहा पानी अहवाल आला. इमारत चांगल्या स्थितीत आहे, पार्किंगमधल्या काही खांबांना किरकोळ भेगा आहेत, प्लास्टर करून घ्यावं. आम्ही प्लास्टर केलं, वर रंग दिला. पार्किंग कसं उजळून निघालं! त्या वर्षीही नवरात्रात त्याच खांबांच्या मधोमध पाटावर हत्ती मांडून पोरींनी आणि आम्ही म्हाताऱ्यांनी भोंडला केला.

पहिल्यांदा शंका आली ती आमच्याकडे झाडायला येणाऱ्या बाईंना. २०२१ला पुन्हा पाणी आलं होतं, आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात त्या एकदा मला म्हणाल्या, "वहिनी, त्या कोपऱ्यातल्या खांबापाशी रोज सुपलीभर खपल्या निघतात बघा. आणि तांबड्या निघतात." मी बघितलं. नवीन प्लास्टरला सरळ उभी भेग गेली होती, फूटपट्टी लावून काढल्यासारखी. मला वाटलं, प्लास्टरवाल्यानं सिमेंट कमी घातलं असणार.

मग तीस वर्षांची नोटीस आली. महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या कायद्यातच ही तरतूद आहे, कलम २६५ अ. इमारत तीस वर्षांची झाली की मालकानं किंवा सोसायटीनं ती तपासून घ्यायची आणि राहायला योग्य असल्याचा दाखला द्यायचा. मुंबईसाठी वेगळा कायदा आहे, त्यातही कलम ३५३ ब असंच सांगतं. मी हुशारीनं आमचा सहा पानी अहवाल घेऊन गेले. खिडकीतल्या माणसानं शेवटचं पान उलटलं आणि विचारलं, "यांचा नोंदणी क्रमांक?" मी म्हटलं, बी. ई. आहेत ना, इथे लिहिलंय. तो म्हणाला, "बाई, बी. ई. बरेच असतात. आमच्याकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही पाहिजे. कायद्यात तसंच लिहिलंय."

तेव्हा मला रागच आला. घरी येऊन 'सरकारी काम' वगैरे जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. पण मग विचार करायला लागले. माझी पुतणी नर्स आहे. तिचं शिक्षण झालं तरी नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाल्याशिवाय तिला कुणी वॉर्डात उभं केलं नसतं. डॉक्टरला नोंदणी, वकिलाला सनद. आर्किटेक्टसुद्धा १९७२च्या कायद्यानं नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही. आणि इंजिनिअर? आपल्या देशात इंजिनिअरांसाठी असा सगळीकडे लागू होणारा कायदा नाही. तशी चर्चा किती वर्षं चालू आहे. त्यामुळे पदवी मिळाली की पाटी लावता येते. घरावर मजला चढवता येईल का हे सांगणारा, पुलाचं गणित करणारा आणि आयुष्यभर कॉम्प्युटरवर बँकेचं काम केलेला, सगळे इंजिनिअरच. बाहेरून आपल्याला कसं कळावं?

ही उणीव थोडीफार भरून काढते ती महापालिकेची किंवा नगरपालिकेची नोंदणी. लोक तिला लायसन म्हणतात. ते देताना पदवी बघतात, शिवाय स्ट्रक्चरच्या कामाचा अनुभव बघतात. नोंदणीत वेगवेगळे वर्ग असतात. सुपरवायझरला लहान बांधकामांपुरतीच परवानगी असते, लायसन्ड इंजिनिअर वेगळा, स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा. नोंदणीला मुदत असते, ती संपली की नूतनीकरण करावं लागतं. आणि मुख्य म्हणजे, चुकलं तर ती काढून घेता येते. आमच्या भाच्याकडून काढून घेण्यासारखं काहीच नव्हतं. त्याचं चुकलं तर तो फार तर "सॉरी मावशी" म्हणाला असता. म्हणालाही, बिचारा. पण त्या अहवालासाठी तो कुणालाच बांधलेला नव्हता, आणि हे आम्हीच त्याला विचारलं नव्हतं.

नोंदणीची पद्धत काही ठिकाणी अपघातानंतर आलेली दिसते. अमेरिकेत टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाच्या गावात १९३७ साली शाळेत गॅसचा स्फोट झाला. जवळजवळ तीनशे मुलं आणि शिक्षक गेले. शाळेनं पैसे वाचवायला तेलविहिरींच्या वाया जाणाऱ्या गॅसच्या पाइपलाइनला जोड घेतला होता. गॅस गळत होता आणि त्याला वासच नव्हता. त्याच वर्षी त्या राज्यानं इंजिनिअरांच्या नोंदणीचा कायदा केला. गॅसला वास मिसळण्याची सक्तीही त्याच दुर्घटनेनंतर आली. आज आपल्या सिलिंडरचा गॅस गळला की नाकाला झोंबतो ना, तो वास गॅसचा नसतो, मुद्दाम घातलेला असतो. आपल्या शेजारी गुजरातेत २००१च्या २६ जानेवारीला भूकंप झाला तेव्हा भुजपासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये कित्येक बहुमजली इमारती पडल्या. त्यातल्या बऱ्याच अशाच होत्या, खाली खांबांवर पार्किंग आणि वर घरं. पुढे २००६ मध्ये गुजरातनं सिव्हिल इंजिनिअरांसाठी राज्याचा कायदा केला.

असो. आमच्याकडे परत येते. महापालिकेतून नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांची यादी घेतली. त्यातल्या तिघांना फोन केले. एकानं विचारलं, "फक्त सही पाहिजे की तपासणी पण?" हे ऐकून मी फोनच ठेवून दिला. दुसरे गावाला गेले होते. तिसऱ्या एक बाई निघाल्या, पंचेचाळिशीच्या. त्यांनी फोनवरच विचारलं, मूळ बांधकामाचे नकाशे आहेत का? आरसीसीचे? आमच्याकडे कुठले! आर्किटेक्टचा एक पिवळा पडलेला नकाशा होता, तेवढा शोधून ठेवला.

मॅडम आल्या त्या आधी स्वतःच्या नोंदणीच्या दाखल्याची प्रत माझ्या हातात देऊन. आम्ही मागितली नव्हती. मग मी त्यांना पार्किंगकडे न्यायला लागले तर म्हणाल्या, आधी गच्चीवर जाऊ. गच्चीवर गेल्या वर्षी आम्ही दोन-दोन हजार लिटरच्या दोन टाक्या वाढवल्या होत्या, गळतीसाठी जुन्या कोब्यावर नवा कोबा घातला होता. "हे कुणाला विचारून ठेवलं?" मी गप्प. त्या म्हणाल्या, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. या दोन टाक्या भरल्या की चार टन. हे सगळं ओझं खाली कुणाच्या डोक्यावर जातं?

मग पार्किंग. कोपऱ्यातल्या खांबाचं ते सुंदर प्लास्टर त्यांनी छिन्नीनं काढायला लावलं. आतलं काँक्रीट त्यांच्या माणसानं हातानं उकललं, शिळ्या भाकरीसारखं. त्यावर त्यांनी बाटलीतलं पाण्यासारखं औषध फवारलं. म्हणाल्या, काँक्रीट निरोगी असेल तर हे गुलाबी होतं. हळदीत चुना पडला की कुंकवासारखा लाल रंग येतो ना, तसंच. चांगल्या काँक्रीटमध्ये तो चुन्याचा गुण असतो आणि तोच आतल्या सळईला गंजू देत नाही. हवा आणि ओल वर्षानुवर्षं आत शिरत राहिली की तो गुण जातो. आम्ही सगळ्या बघत उभ्या होतो. काहीच गुलाबी झालं नाही. सळईपर्यंत नाही. आणि सळई म्हणजे नुसती पापुद्र्यांची गुंडाळी. गंजलेलं लोखंड फुगतं, ते बाहेरच्या काँक्रीटला ढकलतं, म्हणून भेग सळईच्या ओळीनं सरळ उभी जाते. फूटपट्टीसारखी! मी तीच भेग महिनोन्‌महिने रोज बघत होते. आम्ही केलेल्या प्लास्टरनं काय झालं, तर रोग झाकला गेला.

त्यांनी आठ खांब तपासले. हातोडीसारखं एक यंत्र मारून काँक्रीटची ताकद बघितली, दुसऱ्या यंत्रानं काँक्रीटमधून आवाजाच्या लहरी पाठवून आत पोकळी आहे का ते बघितलं. दोन खांब वाईट, चार मध्यम, दोन बरे. संध्याकाळचे सहा वाजले होते. त्यांनी लगेच लोखंडी टेकू मागवले आणि रात्री अकरापर्यंत थांबून स्वतः समोर उभं राहून लावून घेतले. वरच्या जादा टाक्या रिकाम्या करायला लावल्या. त्या दोन खांबांच्या रेषेतल्या चार घरांना दुरुस्ती होईपर्यंत दुसरीकडे राहायला सांगितलं. त्यातलं एक घर दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींचं. ज्यांच्या नावानं मी पैसे वाचवायला निघाले होते, त्या. मावशी पिशवीत देव आणि बीपीच्या गोळ्या घेऊन माझ्या घरी आल्या. मला त्या रात्री झोप आली नाही. भोंडल्याचे फोटो माझ्या मोबाईलमध्ये होते. त्यात माझी नात त्याच खांबाला टेकून उभी आहे.

सगळ्या इमारतीचं नशीब एवढं चांगलं नसतं. २०१७च्या जुलैमध्ये मुंबईत घाटकोपरला एक चार मजली इमारत कोसळली, सतरा माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या बदलाच्या कामात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. २०१३ला मुंब्र्याजवळ बांधकाम चालू असलेली इमारत पडून चौऱ्याहत्तर माणसं मेली, त्यात लहान मुलं किती तरी होती.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, नोंदणी असली की झालं का? नाही हो. मुंबईत सीएसएमटी स्टेशनजवळचा पादचारी पूल २०१९च्या मार्चमध्ये पडला. त्याचं ऑडिट झालेलं होतं आणि त्यात तो वापरायला योग्य, किरकोळ दुरुस्तीचा, असं म्हटलेलं होतं. म्हणजे रीतसर नेमलेला माणूसही चुकतो, किंवा कामचुकारपणा करतो. पण त्या वेळी पोलीस कागदावरच्या सहीपर्यंत पोहोचले आणि ऑडिट करणाऱ्याला अटक झाली. गेलेली माणसं परत येत नाहीत हे खरंच आहे. तरी उद्या दुसरा कुणी सही करताना त्याचा हात दोन क्षण थांबत असेल, असं मला वाटतं. आणि तो मला फोनवर भेटलेला, 'फक्त सही पाहिजे का' विचारणारा? तोही यादीतलाच होता. म्हणून मी म्हणते, नोंदणी हा पहिला प्रश्न आहे, शेवटचा नाही.

तर पहिला प्रश्न नीट विचारायचा. नोंदणी क्रमांक घ्यायचा आणि तो खरंच आहे का, मुदत शिल्लक आहे का, कुठल्या वर्गातला आहे, हे महापालिकेत जाऊन बघायचं. व्हिजिटिंग कार्डावर विसंबायचं नाही. इंजिनिअरांच्या राष्ट्रीय संस्थेचं सभासदत्व किंवा 'चार्टर्ड इंजिनिअर' ही उपाधी असली तर चांगलंच, पण महापालिकेच्या दाखल्यासाठी तिथली नोंदणी लागतेच. मग विचारायचं, तुम्ही स्वतः येणार का? किती वेळा? तपासण्या कुठल्या करणार, आणि दुरुस्ती चालू असताना देखरेख कोण करणार? दुरुस्तीचा कंत्राटदार आणि तपासणारा इंजिनिअर एकमेकांचे भाऊबंद नाहीत ना, तेही बघा. विचारायला लाजू नका. आपण भाजी घेताना भेंडीचं टोक मोडून बघतो, तेव्हा भाजीवाला कुठे रागावतो?

खेड्यातल्या मैत्रिणींना वाटेल, आमच्याकडे कुठली महापालिका आणि कुठली यादी. गवंडीच आमचा इंजिनिअर. गवंड्याच्या हातातली कला मी कमी लेखत नाही. साधं एकमजली घर तो तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं जाणतो. पण मुलाचं लग्न ठरलं म्हणून जुन्या भिंतींवर वर मजला चढवायचा असेल, किंवा दुकानाला दार मोठं पाहिजे म्हणून मधली भिंत काढायची असेल, तर तेवढ्यापुरतं तालुक्याच्या गावी जाऊन नोंदणी असलेल्या इंजिनिअरचा सल्ला घ्या, लेखी घ्या. स्लॅबच्या खर्चात तो खर्च कुठल्या कुठे जातो.

आमच्या खांबांचं काम चार महिने चाललं. एकेक खांब घेऊन गंज साफ केला, नवीन सळया बांधल्या, बाहेरून नव्या काँक्रीटचं जॅकेट चढवलं. प्रत्येक घराला सत्तर हजारांच्या आसपास पडले. मावशींचे आम्ही सगळ्यांनी मिळून हप्ते पाडून दिले, त्या दरमहा पेन्शन आली की नेमानं आणून देतात. तो भाचा काम बघायला दोनदा येऊन गेला. मॅडमनी त्याला हाकललं नाही, उलट बाजूला उभं करून सगळं समजावलं. तो आता स्ट्रक्चरमध्ये पुढचं शिक्षण घेतोय असं काका सांगत होते.

आणि झाडायला येणाऱ्या आमच्या बाई. मॅडमनी जाताना त्यांना विचारलं होतं, तुम्हाला आणखी कुठे काही दिसतं का? तेव्हा त्यांनी जिन्याखालची एक जागा दाखवली. अहवालात ती अठराव्या पानावर आहे.

दोन्ही अहवालांच्या प्रती माझ्याकडे आहेत, सहा पानी आणि चौतीस पानी. कुणा सोसायटीच्या बायकांना शेजारी शेजारी ठेवून बघायच्या असतील तर केंद्रावर निरोप ठेवा, मी घेऊन येईन.